रंकाळ्यावरचा राखी बगळा : ५२ सकाळी बसलो, एकही धड फोटो नाही

काठावरचा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी कोल्हापुरात फौंड्रीत कामाला. कायम दुसरी पाळी, त्यामुळं सकाळ मोकळी. दिवाळीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून रंकाळा तलावाला फेऱ्या मारायला लागलो. चौथ्या दिवशी हा गडी दिसला आणि फेऱ्या बंद पडल्या. वजन तेवढंच आहे, डॉक्टरांना सांगू नका.

राखी बगळा. शालिनी पॅलेसच्या अंगाला पाण्यात एक काळा दगड आहे, जलपर्णीच्या कडेला. त्या दगडावर, नाहीतर त्याच्या शेजारी गुडघाभर पाण्यात (त्याच्या गुडघाभर, आपल्या नव्हे) हा उभा. हल्ली सूर्य सातच्या सुमारास उगवतो. मी साडेसहाला जाऊन बसतो. पाण्यावर धुकं असतं, तलावातल्या संध्यामठाचा नुसता माथा दिसतो, मागं पदपथावर फिरणाऱ्यांच्या बुटांचा आवाज. मग तो संध्यामठाच्या बाजूनं येतो. मान आत घेतलेली, पाय मागं लांबवलेले, पंखांची चाल एकदम संथ, एस्टी घाट चढतेय असं वाटावं. उतरताना एकदाच घशातून खरखरीत ओरडतो. पंख मिटतो, अंग झाडतो आणि उभा राहतो. बस्स.

पहिले काही दिवस मला वाटायचं हा झोपतो. वीस-वीस मिनिटं हलत नाही. नंतर दुर्बिणीतून डोळा बघितला. पिवळा, बारीक काळी बाहुली, आणि तो सारखा चाललेला. अंग झोपलंय, डोळा कामावर आहे. आमच्याकडं साच्यात रस ओतला की थांबावं लागतं, घाई करून साचा फोडला तर माल वाया. तसलं काहीतरी चालू असतं त्याचं.

वही ठेवलीय. ५२ सकाळी बसलो. ३१ वेळा त्यानं चोच मारली, १९ वेळा काहीतरी मिळालं. बहुतेक चिलापी. एकदा हाताच्या पंज्याएवढी चिलापी धरली होती, ते मी विसरणार नाही. चोचीत आडवी. ती घेऊन तो पाण्यातनं काठावर आला, खाली टाकली, परत उचलली. तीनदा. चिलापीच्या पाठीवरचे काटे उभे असतात, ते शेपटीकडून गिळायला गेलं तर घशात अडकणार. चौथ्यांदा डोकं पुढं आलं, चोच आभाळाकडं केली आणि मासा आत. मानेत गाठ दिसत होती, ती हळूहळू खाली सरकली. मग दोन घोट पाणी प्याला. भाकरी खाऊन तांब्या तोंडाला लावतात तसं.

आता मूळ रडगाणं. कॅमेरा जुना क्रॉप सेन्सरवाला आहे, लेन्स १५०-६०० मिमीची झूम, सेकंडहँड. (एका दुकानानं ‘एकदम क्लीन’ म्हणून दिली, घरी आल्यावर आत बुरशीची जाळी दिसली. नाव घेत नाही, साफ करून घेतली, विषय संपला.) ट्रायपॉड नाही. जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात तांदूळ भरलाय आणि दोन्ही टोकं शिवलीत. त्यावर लेन्स टेकवून पोटावर पडतो. तांदूळ सुवासिक आजरा घनसाळ निघाला हे आईच्या लक्षात आलं तो दिवस वेगळा लिहावा लागेल.

उभ्या बगळ्याचे फोटो झकास येतात. दोन हजार आहेत. पण चोच मारतानाचा एकही नाही! एक तर मान आखडलेली, नाहीतर थेट मासा धरून वर आलेला. मधल्या फोटोत डोकंच नसतं. धड आहे, पाय आहेत, मान फ्रेमच्या बाहेर गेलेली. चार फोटो चिकटवलेत खाली, हसू नका.

काय चुकतंय?

शेंगपेंड

वाचनखूण साठवली. पहिला धागा आणि एवढा जमलेला. तांदळाचा भाग लवकर लिहा.

अवांतर: बगळ्यांचा थवा गेला की आम्ही नखांवर नखं घासत ‘बगळ्या बगळ्या कवडी दे’ ओरडायचो. दुसऱ्या दिवशी नखावर पांढरा ठिपका दिसला की बगळ्यानं कवडी दिली. हल्लीची पोरं घासतात का नखं?

लांबभिंग

फोटो बघितले. उत्तर फोटोतच आहे. तुम्ही ६०० ला लावून बगळा फ्रेममध्ये कडेपासून कडेपर्यंत भरलाय. उभ्या पक्ष्याला ते शोभतं. पण राखी बगळ्याची मान उलगडली की जवळजवळ त्याच्या अंगाएवढी लांब होते, आणि ती फ्रेमबाहेर उलगडली तर तुम्ही काय टिपणार? ४०० वर या. बगळा फ्रेमच्या एका बाजूला ठेवा आणि तो ज्या बाजूला बघतोय तिकडं अर्ध्याहून जास्त पाणी मोकळं सोडा. स्क्रीनवर बगळा लहान दिसेल, जीव कळवळेल, सोसा. नंतर कापता येतं. जे फ्रेममध्ये आलंच नाही ते कापून मिळत नाही.

दुसरं, फोकस. एकच बिंदू डोळ्यावर ठेवला असणार. डोकं तिथून निघून गेलं की कॅमेरा मागचं पाणी शोधत बसतो. तो तुम्हाला आडवा उभा असेल, म्हणजे चोच डावीकडं किंवा उजवीकडं मारणार असेल, तर डोकं साधारण त्याच अंतरावर राहतं. डोळ्यावर फोकस करून अडकवून टाका, छिद्र एफ ८. तो तुमच्याकडं तोंड करून उभा असेल तर कॅमेरा खाली ठेवा आणि चहा प्या.

शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू नको. पहाटे उजेड नसतो, मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० होऊ दे. दाणे दिसले तर चालतं, चोच फराटा होऊन आली तर चालत नाही. तुमचा कॅमेरा सेकंदाला किती काढतो? जुना आहे म्हणता, पाच-सहा धरू. म्हणजे दोन फोटोंत सेकंदाचा सहावा भाग गेला. तेवढ्यात त्याचं सगळं आटोपतं. नुसतं बटण दाबून धरून नशिबावर सोडाल तर आणखी ५२ सकाळी जातील. कधी मारणार ते आधी ओळखावं लागेल.

आणि खरं सांगू का, पक्षी चुकीचा निवडलाय. राखी बगळा म्हणजे दिवसातनं चारदा हलणारा माणूस. आधी लहान बगळ्यावर हात बसवा. काळी चोच, काळे पाय आणि पंजे पिवळे, मोजे घातल्यासारखे. तो एक पाय पाण्यात थरथरवतो, मासे उठवतो आणि टकाटक चोच मारत पळतो. तासाभरात पन्नास संधी. फक्त पांढरा पक्षी आणि काळं पाणी असलं की कॅमेरा फसतो, पांढरा जळून जातो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). पिसं वेगवेगळी दिसली पाहिजेत, धुतलेला शर्ट नको.

बेरकी_बाबू

५२ सकाळी पाण्याकाठी पोटावर पडून. यालाच बकध्यान म्हणतात ना? बगळा कोण ते मात्र कळेना.

काठावरचा

@लांबभिंग, दंडवत! चार महिने मी लेन्सला शिव्या घालतोय. फ्रेम मोकळी सोडायचं डोक्यातच आलं नाही. एवढे पैसे घालून ६०० घेतली ती ४०० वर आणायची म्हणजे… असो. उद्या बघतो.

@बेरकी_बाबू, घरचेही तेच म्हणतात.

नवखी_पाखरं

छान लिहिलंय. पण हा सारस आहे ना? एवढा उंच म्हणून विचारते. आमच्याकडं उसात पाणी सोडलं की असलेच राखाडी येतात, चोच मधे उघडी असते.

पाणथळ

@नवखी_पाखरं, सारस नाही. महाराष्ट्रात सारस उरलेत ते तिकडं गोंदिया-भंडाऱ्याच्या भातशेतीत. तुमच्या उसातले बहुतेक मुग्धबलाक, म्हणजे उघड्या चोचीचे करकोचे. त्या फटीचा उपयोग गोगलगाय धरायला होतो. ओळखायची सोपी खूण उडताना. सारस आणि करकोचे मान ताणून उडतात. बगळा मान दुमडून खांद्यात घेतो. धागाकर्त्यांनी ‘मान आत घेतलेली’ असं बरोबर टिपलंय.

आपल्याकडं पाण्याजवळ कोण कोण दिसतं ते थोडक्यात सांगते, कारण लोक पांढरं दिसलं की बगळा म्हणून पुढं जातात. राखी बगळा तीन फुटी, डोळ्यावरून मागं जाणारी काळी शेंडी. एवढा मोठा दिसतो, पण वजन जेमतेम दीड-दोन किलो, सगळी पिसं. जांभळा बगळा त्याहून बारका, गळ्यावर तांबूस पट्टे, तो उघड्यावर येत नाही. रंकाळ्यापेक्षा कळंबा तलावाच्या पाणवनस्पतीत शोधा. म्हशींच्या मागं फिरतो तो गायबगळा, त्याला माशांपेक्षा किडे आवडतात. मोठा आणि मध्यम यात सगळ्यांचीच फसगत होते. दुर्बिणीतून जिवणीची रेघ बघा. मोठ्या बगळ्याची ती डोळ्याच्या मागंपर्यंत जाते, मध्यमाची डोळ्याखालीच संपते. रातबगळा दिवसभर झाडात गपगार असतो आणि अंधार पडायला लागला की ‘क्वाक’ करत डोक्यावरून जातो. लाल डोळा.

आणि माझी लाडकी ढोकरी. पुस्तकातलं नाव वंचक, आणि ते अगदी बरोबर आहे. चिखलावर बसली तर चिखलाचा गोळा. दोन पावलांवर जाईस्तोवर दिसत नाही. उडाली की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि आपण दचकतो. पावसाळ्याच्या तोंडाला पाठ गर्द तांबडी होते, त्या वेशात बघितली नसेल तर जूनमध्ये नक्की बघा.

बगळ्यांच्या घरट्यांच्या वसाहतीला मारुती चितमपल्लींनी सारंगागार हा शब्द वापरात आणला. मला तो शब्द फार आवडतो. पण कुठल्या झाडावर सारंगागार आहे ते मी इथं लिहिणार नाही. कारण खाली कुणीतरी विचारणारच आहे.

क्लिकबहाद्दर

एवढी तपश्चर्या कशाला राव. पावाचे तुकडे टाका, मासे वर येतात, बगळा पाठोपाठ येतो. उडतानाचा पाहिजे तर बारकासा खडा टाकायचा पाण्यात. अंगावर नाही, शेजारी. दोन मिनिटांत काम. आणि @पाणथळ ताई, ते झाड कुठंय?

शेंगपेंड

विचारलं! 😄

बंधाऱ्यावरचा

मी बावड्याचा. लहानपण राजाराम बंधाऱ्यावर गेलं, म्हणून लिहितोय. कॅमेऱ्यातलं मला कळत नाही.

कोल्हापुरी बंधारा ज्यांनी जवळनं बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगडी खांब, आणि त्यांच्या मधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवतात. पावसाळ्यात बरगे काढलेले, नदी मोकळी वाहते. पाऊस सरला की बरगे घालतात, वरच्या अंगाला पाणी तुंबतं, खालच्या अंगाला नदी उथळ होते, खडक उघडे पडतात. बरग्यांच्या फटीतनं पाण्याच्या बारीक धारा सुटतात आणि त्या धारांना मासे चढायला बघतात. बगळ्यांना हे पाठ आहे. बरगे बसले की आठवड्यात ते खालच्या खडकावर रांगेत. प्रत्येकाचा गाळा ठरलेला. दुसरा आला की मान ताणून, शेंडी उभी करून ओरडाओरड. पोटगीच्या दाव्यात पण एवढा आरडाओरडा होत नाही.

आमचे आजोबा गळ टाकायचे, त्यांचं लक्ष गळापेक्षा बगळ्यावर जास्त. ते म्हणायचे, चोचीकडं बघू नको, पायाकडं बघ. चालताना पाय पाण्यातनं उचलतो आणि बोटं मिटून परत ठेवतो, थेंब पडत नाही. जोवर पाय चालतोय तोवर काही नाही. एक पाय अर्धा उचललेला तसाच थांबला की समजायचं. मग मान. मान आधी डावी-उजवी अशी सावकाश डुलते, डोकं मात्र जागेवर असतं. अंग पुढं कलतं. आणि डुलणं बंद झालं, की आता. ‘आता’ म्हणेपर्यंत झालेलं असतं, म्हणून डुलणं थांबलं की लगेच दाबा.

काठावरचा

@बंधाऱ्यावरचा, वाचून अंगावर काटा आला. चार महिने मी डोळा आणि चोच बघत होतो. पायाकडं कधी बघितलंच नाही.

फळा_आणि_खडू

भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तेव्हा राहवत नाही.

मान का डुलते आणि अंग का कलतं? पाण्यातला मासा जिथं दिसतो तिथं नसतो. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३. अगदी वरून बघितलं तर २० सेंटिमीटर खोलीवरचा मासा १५ सेंटिमीटरवर दिसतो. तिरकं बघितलं तर आणखी वर. बगळा नेहमी तिरकाच बघतो. म्हणजे त्याला दिसतो तिथं चोच मारली तर ती माशाच्या वरून जाईल. तरी तो नेम धरतो, म्हणजे ती चूक हिशेबात धरून मारतो. वर्गातली पोरं दहावीला या गणितात मार्क घालवतात.

दुसरी बाजू माशाची. माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून. त्याच्या बाहेर पाण्याच्या पाठीवर आरसा. क्षितिजालगतचं सगळं त्या खिडकीच्या कडेला चेपून बारीक होतं. उंच मान म्हणजे धोका, खाली वाकलेला बगळा कमी दिसतो. धागाकर्ते पोटावर पडतात ते म्हणूनच मलाही पटलं. माशालाही दिसत नाहीत आणि आईलाही.

फोटोवाल्यांसाठी: पोलरायझर फिल्टर लावला की पाण्यावरची चकाकी कमी होते, मासा दिसेलही. पण दीड-दोन स्टॉप उजेड जातो. पहाटे परवडणार नाही.

पाणथळ

@क्लिकबहाद्दर, झाड सांगणार नाही. आणि खड्याबद्दल जरा सविस्तर.

या धाग्यावरचाच हिशेब घ्या. ३१ वेळा चोच मारली, १९ मासे, ५२ सकाळी. म्हणजे त्या दगडावर कित्येक सकाळी त्याला काहीच मिळालं नाही. तो अर्धा तास उभा राहिला म्हणजे मासे त्याला विसरून परत जवळ यायला लागले. तेवढ्यात तुमचा खडा पडला. त्याचा अर्धा तास गेला आणि वर उडायची मेहनत. तुम्हाला मिळाला पाठमोरा, पाय लोंबकळणारा बगळा. घाबरून उडालेला पक्षी फोटोत ओळखू येतो, जाणकार लगेच विचारतात.

घरट्यांवर तर आणखी वाईट. मोठी पाखरं उठली की अंडी-पिल्लं उघडी पडतात, कावळे आणि घारी टपूनच असतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली घरट्याला, अंड्याला हात लावणं गुन्हा आहे, ते वेगळंच.

पावाचं म्हणाल तर गंमत सांगते. हिरवी ढोकरी स्वतः हे करते. पाण्यावर किडा, पान, पावाचा तुकडा टाकते आणि मासा आला की धरते. जपानात यावर अभ्यास झालाय. तिनं केलं तर तिचं पोट आहे. आपण केलं तर रंकाळ्यात आणखी पाव सडणार, आधीच काय कमी सडतंय?

क्लिकबहाद्दर

एवढं मनावर नका घेऊ, एकदाच टाकला होता खडा. पाठमोराच आला होता, तेवढं खरं. 🙏

बंधाऱ्यावरचा

खड्यापेक्षा नायलॉनची तंगूस, म्हणजे गळाची दोरी, वाईट. गळवाले तुटलेली तशीच टाकून जातात. मागल्या उन्हाळ्यात एक लहान बगळा पायात गुंता घेऊन खडकावर बसला होता. आम्ही दोघांनी पोत्यानं झाकून धरला, कात्रीनं तोडला. धरताना चष्मा घाला मात्र. त्याचा नेम डोळ्यावर असतो, डोळा चकाकतो ना, मासाच वाटत असणार. माझ्या भुवईवर खूण आहे.

जुनापेन्शनर

धागा उशिरा बघितला. पिसांवरून आठवलं म्हणून थोडा इतिहास.

विणीच्या काळात पांढऱ्या बगळ्यांच्या पाठीवर झालरीसारखी नाजूक पिसं येतात. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या टोप्यांवर तीच पिसं. वजनाला सोन्यापेक्षा महाग विकली जात. पिसं फक्त विणीत येतात, म्हणजे शिकार घरट्यावरच, मोठे मारले की पिल्लं उपाशी. त्याविरुद्ध इंग्लंडमध्ये १८८९ साली बायकांनीच संघटना काढली, ती आजही पक्ष्यांसाठी काम करते. आपल्याकडून पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्ये बंदी आली. आता टोपी गेली, कॅमेरा आला.

आणि कॅमेऱ्याचं म्हणाल तर कोल्हापूरकरांनी थांबायचं म्हणून तक्रार करू नये. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा घडवला होता आणि त्यावर चित्रपट काढले. तुम्हाला निदान विकत मिळाला, बुरशीसकट का असेना.

काठावरचा

अपडेट. नऊ दिवस लहान बगळ्याच्या मागं होतो. @लांबभिंग, तुम्ही म्हणालात तासाला पन्नास संधी, मला वाटलं चेष्टा. पहिल्या दिवशी ३४० फोटो, त्यात डोकं फ्रेममध्ये असलेले ११. चौथ्या दिवशी एकात चोचीच्या टोकाला थेंब! नवव्या दिवसापर्यंत बोट आपोआप थांबायला लागलं. पांढरा जळायचं मात्र तीन दिवस कळलं नाही, सगळे बगळे टिनोपॉलमधनं काढलेले.

पायाचं बरोबर आहे, आजोबांना नमस्कार सांगा. राखी बगळ्याचा पाय थांबला की मी श्वास धरतो. दोनदा मान डुलली, थांबली, दाबलं आणि त्यानं विचार बदलला. सरळ उभा राहिला आणि मधल्या बोटाच्या नखानं गाल खाजवला. त्या नखाला कंगव्यासारखे दाते असतात म्हणे?

पाणथळ

हो, मधल्या बोटाच्या नखाला. छातीवर त्याला एका जातीची पिसं असतात, ती झडत नाहीत, टोकाशी कुस्करून त्यांची पावडर होते. बुळबुळीत वाम वगैरे खाल्ली की तो ती पावडर अंगाला लावतो, चिकटा तिच्यात बसला की त्या नखानं विंचरून काढतो. आंघोळीआधी उटणं लावल्यासारखं. दिसलं तर फोटो काढाच, माशापेक्षा दुर्मीळ आहे.

लांबभिंग

रविवारी येऊ का तुमच्या दगडाजवळ? आणखी कुणी?

फळा_आणि_खडू

मी येतो. कॅमेरा नाही, घडी घालायची खुर्ची आणतो. पोटावर पडणार नाही.

काठावरचा

या की. साडेसहाला. भडक कपडे नकोत, मोबाइल गप्प करा, आणि पदपथावरून खाली येताना दगड निसटतात, चपला नकोत. चहा माझ्याकडं. एका वेळी पाचच्या वर नको, दगड त्याचा आहे.

काठावरचा

रविवारचा वृत्तांत, मागितला म्हणून.

पाच जण आलो. बंधाऱ्यावरचा पण आला, भुवईची खूण खरी आहे. धुकं जास्त होतं. सहा पन्नासला तो आला, आम्हाला बघून दगडावर न उतरता पलीकडं गेला. वीस मिनिटं कुणी बोललं नाही. सरांची खुर्ची एकदा कुरकुरली तेवढंच. मग आला. ऊन संध्यामठाच्या माथ्यावर पडलं तेव्हा तो दगडाच्या अलीकडं घोटाभर पाण्यात आडवा उभा होता, आम्हाला हवा तसा. चाळीस मिनिटं. एक कुत्रं येऊन गेलं. लांबभिंग पुटपुटले, ‘पाय.’ पाय थांबला होता. मान डुलायला लागली. मी ४०० वर, डावीकडं पाणी मोकळं, फोकस अडकवलेला. डुलणं थांबलं.

तीन फोटो. पहिल्यात मान आखडलेली. दुसऱ्यात मान पूर्ण उलगडलेली, चोचीचं टोक पाण्याला टेकलंय आणि पाणी अजून फुटलेलं नाही. खालचा बगळा आणि वरचा बगळा चोचीला चोच लावून. डोळा धारदार आलाय. मागं संध्यामठ धूसर. तो फोटो वर चिकटवलाय. ५२ अधिक १४, म्हणजे ६६ व्या सकाळी.

तिसऱ्या फोटोत चोचीत वेफरच्या पाकिटाचा तुकडा आहे. आतली चंदेरी बाजू वर आली होती, पाण्यात माशाच्या पोटासारखी चमकत असणार. त्यानं दोनदा झटकलं, टाकून दिलं आणि पुन्हा उभा राहिला. तोही फोटो टाकलाय, काही कापलेलं नाही.

सर म्हणाले अपवर्तनाचा हिशेब बरोबर होता, वस्तू चुकली.

तो तुकडा आणि आसपासचं मिळेल तेवढं आम्ही नंतर काठीनं ओढून गोळा केलं, दीड पिशवी भरली. तोवर तो पलीकडच्या काठाला गेला होता. पुढच्या रविवारी बंधाऱ्यावर, सहा वाजता. चहा या वेळी बंधाऱ्यावरच्यानं आणायचाय.

बंधाऱ्यावरचा

आणतो. कप घरनं आणा.